मधली भूल

"तुम्ही दोघं बघा विचार करून. मी जरा पाणी पिऊन येते," असं म्हणत भूल देणारी डॉक्टरीण उठली, दार लोटून गेलीसुद्धा, आणि तो खुर्चीत बसल्या बसल्या गार पडला. कॅन्सर आहे म्हणून सांगितलं तेव्हा तो असा गार पडला नव्हता. तेव्हा त्याने नुसती मान हलवली होती, एखाद्या गिऱ्हाइकाने "आमचा पलंग गोल आहे" म्हटल्यावर हलवायचा तशी. म्हणजे असतं एकेकाचं, करू काहीतरी. मोठ्या आतड्यात गाठ आहे, पोट उघडून काढावी लागेल, बरोबर आतड्याचा वीतभर तुकडा जाईल, हे सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं होतं. पण हे वाक्य त्याचं होतं. शब्द त्याचे, शब्दांमधली फट त्याची, उठताना खुर्ची किंचित मागे सरकवायची लकबसुद्धा त्याची. गाद्यांच्या दुकानात उभा जन्म काढून त्याने जगात एकच गोष्ट स्वतः शोधून काढली होती, आणि ती ही बाई त्याच्यावरच चालवून गेली होती.

त्याची पद्धत अशी होती. जोडपं दुकानात आलं की आधी त्यांना कडक गादीवर आडवं करायचं. "पाठीला उत्तम, डॉक्टर लोक हीच सांगतात," असं म्हणायचं, पण चेहरा सांत्वनाला आल्यासारखा ठेवायचा. मग एकदम दुसऱ्या टोकाची मऊ, जिच्यात माणूस चिखलात म्हैस बसावी तसा बसायचा आणि बाहेर यायला त्याला बायकोचा हात धरावा लागायचा. तिथे दोघं हसायची. हसली की अर्धं काम झालं. आणि मग मधली. मधलीबद्दल काही बोलायचं नाही. नुसता तळवा ठेवायचा तिच्यावर, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि हळूच म्हणायचं, "माझ्या घरी हीच आहे." आणि मग, तुम्ही दोघं बघा विचार करून, मी जरा पाणी पिऊन येतो. पाण्याचा फिल्टर मागच्या कोपऱ्यात होता, शेजारी आरशाचं कपाट, आणि त्या आरशात अख्खं दुकान दिसायचं. एकेक घोट घेत तो बघत राहायचा. बायको गादी दाबणार, नवऱ्याकडे बघणार, आणि तिचे ओठ हलणार, की मधली बरी वाटतेय. विकणाऱ्याच्या तोंडावर कुणी विश्वास ठेवत नाही, पाठीवर ठेवतात. जो उठून निघून गेला त्याला काय पडलीय, असं लोकांना वाटतं. दुकानात त्याला सगळे मामा म्हणायचे, आणि मामा रोज किती जणांना मामा बनवतो ते कौतुकाने सांगायचे.

"अहो, मधलं बरं वाटतंय," शेजारून बायको म्हणाली.

त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिने पदर सारखा केला. वाटणारच. तिला कसं कळावं की आत्ता इथे काय झालं? बाईने आधी गॅसचं सांगितलं होतं. नाकातोंडातून द्यायचा, जुना, भरवशाचा, फक्त उठल्यावर मळमळतं. कडक गादी. मग एकदम शेवटचं. सगळी भूल शिरेतून, गॅस अजिबात नाही, उठल्यावर डोकं हलकं. "काही जण म्हणतात, याने आजार परत यायचं प्रमाण कमी होतं," ती म्हणाली होती, "पण खरं सांगू का, अजून माहीत नाही. बघतायत लोक." मऊ गादी. आणि मग ती मधल्यावर आली. गॅस तर द्यायचाच, पण त्याच्या आधी पाठीत मणक्यांच्या फटीतून केसासारखी बारीक नळी घालायची, त्यातून औषध सोडत राहायचं, म्हणजे नंतर दोन-तीन दिवस पोट दुखत नाही, श्वास नीट घेता येतो, आतडी लवकर हलायला लागतात. टेबलावर प्लॅस्टिकचा एक पाठीचा कणा ठेवलेला होता. त्याच्यावर तिने तळवा ठेवला. अगदी तसाच. "एखाद्याला नळी नीट लागत नाही, नाही असं नाही," ती म्हणाली. वा! मालाची एक बारीक खोड आपणच सांगून टाकायची, म्हणजे मोठीबद्दल कुणी विचारत नाही, हेसुद्धा बाईला येत होतं. "तुमचा काप मोठा असणार. माझ्या वडिलांचं असंच ऑपरेशन झालं, त्यांना मी हेच दिलं होतं." आणि पाणी प्यायला गेली.

माझ्या वडिलांना हेच दिलं. माझ्या घरी हीच आहे. त्याच्या घरी काय होतं हे जगात फक्त त्याला आणि बायकोला ठाऊक होतं. लग्नातली कापसाची गादी, जिच्या मधोमध दोन माणसांच्या वजनाने खड्डा पडलेला, आणि त्या खड्ड्यात ती दोघं इतकी वर्षं रोज रात्री भांडण झालेलं असो की नसो एकमेकांवर घरंगळत आलेली. दिवसभर ज्याने तळव्याने स्प्रिंगा दाबल्या त्याला घरी स्प्रिंग नको असते, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे मधल्या गादीची त्याला किळस होती. पहिल्याच दिवशी मालकांनी सांगितलं होतं, "मधली म्हणजे कुठली माहितीय का रे? जी गोडाउनातून हलत नाही ती." महिन्या-दोन महिन्यांनी मधली बदलायची. आज जी कडक म्हणून टोकाला होती ती उद्या मधे यायची, तिच्याहून कडक शेजारी आणून ठेवली की झालं. मधलं असं जगात काही नसतंच. दोन बाजूंना दोन काहीतरी उभं करा, कुठलीही वस्तू मधली होते. त्याला वाटायचं, एवढं एक कळलं की माणसाला परत कुणी फसवू शकत नाही. एकदा तर बायको डबा द्यायला दुकानात आली, नेमकी एक म्हातारी मधल्या गादीवर आडवी, आणि हा तंद्रीत बोलून गेला, "आमच्या घरी हीच आहे आजी, विचारा हिला." बायको म्हणाली, "आमच्याकडे? आमच्याकडे कापसाची आहे." म्हातारी ताडकन उठली, गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं, आणि तिला रिक्षापर्यंत त्यालाच उचलून न्यावं लागलं. तेव्हापासून तो डबा स्वतः घेऊन जायचा.

"झाला विचार?" डॉक्टरीण आली. ओठ ओले होते. निदान पाणी तरी खरं प्यायली होती. तो कधीकधी रिकामाच ग्लास तोंडाला लावायचा.

"शिरेतून," तो म्हणाला. "नुसतं शिरेतून. पाठीत काही नको."

"अहो..." बायको म्हणाली.

"पाठीत सुईची भीती वाटते का?" डॉक्टरिणीने विचारलं. "बऱ्याच जणांना वाटते. जागा बधिर करूनच घालतो."

"भीती नाही. नको."

तो वाट बघत होता. आता ती पुढचं वापरणार. हात मागे घेणार, जरा दुखावल्यासारखं करणार, मग म्हणणार, तुमची मर्जी, पण परवाच एकांनी असंच केलं आणि आता पस्तावतायत. त्याच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. पण ती म्हणाली, "बरं. दुखण्याचं औषध मग तेही शिरेतून देऊ. त्याने जरा कमी भागतं, एवढं लक्षात असू दे. बदलावंसं वाटलं तर सकाळी सांगा." आणि तिने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. जिन्यातून उतरताना त्याला विजय मिळाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं असं, की गिऱ्हाईक आपण हाकललं आणि ते गेलंसुद्धा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आतडी धुऊन निघायला एक औषध प्यायचं असतं. ते दुपारी प्यायल्यावर तो संडासातला झाला. बाहेर यायचा, पलंगाकडे दोन पावलं टाकायचा, आणि जत्रेतल्या पाळण्यासारखा परत मागे. अशात मेहुणा आला. मेहुणा पूर्वी छत्र्या दुरुस्त करायचा, हल्ली मोबाइलवर वाचायचा. शहरात कुणाला काही झालं की मेहुण्याने त्याबद्दल आदल्या आठवड्यात वाचलेलंच असायचं. बायकोने त्याला सगळं सांगितलं होतं, भावाने तरी समजवावं म्हणून. मेहुण्याने खुर्ची आणून संडासाच्या दाराला लावली आणि बसला.

"भाऊजी, ऐकताय ना? मी दोन्ही बाजूंनी वाचलंय."

"वाच."

"गॅसने म्हणे अंगातली राखण झोपते. म्हणजे पहारेकरी असतात ना रक्तात, ते. आणि कापताना गाठीतल्या चार पेशी सुटतात, त्या मोकाट. शिरेतल्या भुलीने पहारेकरी जागे राहतात."

"हा मग! म्हणूनच मी शिरेतून म्हटलं," तो आतून ओरडला. वास्तविक हे त्याला आत्ताच कळत होतं.

"थांबा ना, पुढे आहे. इथे दुसरा म्हणतो, तसं काही नाही. सारखंच. आणि तिसरा म्हणतो, पाठीतल्या नळीने उलट पहारेकऱ्यांना बरं पडतं, कारण दुखलं नाही की..."

"तिसऱ्याचं राहू दे!"

"दादा, तू मधल्याचं सांग ना त्यांना," लांबून बायकोचा आवाज. "तुला काय सांगितलं मी?"

"मधला कुठलाय यात? तीन आहेत, पण तिघंही म्हणतायत अजून नक्की माहीत नाही. भाऊजी, पाणी सोडू नका जरा, ऐकू येत नाही."

तो आत डोकं हातात धरून बसला. बादलीत नळाचा थेंब पडत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आत काहीच उरलं नव्हतं, आणि दाराबाहेर दोन माणसं तो कसा झोपणार यावर वाद घालत होती. माहीत नाही. या दोन शब्दांचा त्याला सगळ्यात राग आला होता. दुकानात हे शब्द उच्चारायला बंदी होती. गादी किती वर्षं टिकेल? दहा. घाम येतो का? अजिबात नाही. नातवाने मुतलं तर? डाग राहणार नाही. विकणाऱ्यालाच माहीत नाही तर घेणाऱ्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? जो स्वतःच्या मालाबद्दल माहीत नाही म्हणतो तो एक तर खुळा किंवा उस्तादांचा उस्ताद, आणि ती बाई खुळी दिसत नव्हती. तिसरी शक्यता त्याला सुचली नाही. सुचणार होती तेवढ्यात पोटात परत कळ आली.

"झोपेचं दुकान चालवतात," बाहेर बायको भावाला म्हणत होती, "आणि स्वतःला कसं झोपवायचं ते कळत नाही." मेहुणा हसला. बायको हसत नव्हती, हे त्याला दारातूनही कळलं.

सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं तेव्हा त्याने सवयीने कोपर रुतवून बघितलं. वरची काळी गादी दोन बोटं जाड, फोम पार बसलेला, खाली पत्रा लागत होता. एवढ्या मोठ्या इस्पितळाला एक धड गादी घेता येऊ नये! तो हे बोलूनही दाखवणार होता, पण तेवढ्यात वर दिवे लागले. डॉक्टरीण डोक्याशी उभी होती, तोंडावर मास्क, नुसते डोळे. माणसाचं तोंड दिसलं नाही की तो काय विकतोय ते कळत नाही.

"काही बदलायचंय?" तिने विचारलं.

आता फक्त एवढंच हवं होतं की तिने एकदा म्हणावं, बघा हं. एकदाच. गिऱ्हाईक दाराशी गेलं की तो स्वतः नेहमी एकदा हाक मारायचा. ती हाक मारेल, आणि तो मोठ्या मनाने परत वळेल. ती नुसती उत्तराची वाट बघत होती. तिच्या हातात दुधासारख्या पांढऱ्या औषधाची सिरिंज होती. "नाही," तो म्हणाला, "नक्की." दंडातून काहीतरी चुरचुरत वर चढलं आणि त्याला म्हणायचं होतं की मी घरी...

आणि मग एकदम दुखणं. मधे काही नव्हतं, झोपसुद्धा नव्हती. लोकांना आयुष्यभर विकली ती चीज त्याला मिळाली तेव्हा चवसुद्धा कळली नाही. दुखणं मात्र भरपूर मिळालं. पोटावर वरपासून खालपर्यंत कुणीतरी पेटती दोरी ठेवली होती आणि प्रत्येक श्वासाला ती ओढत होतं. हातात एक बटण दिलं होतं. दाबलं की शिरेतून औषध येई, जरा वेळ दोरी लांब जाई आणि तेवढ्यात मळमळ सुटे; ओकारी आली की पोट आवळे आणि दोरी दुप्पट पेटून परत. मेहुण्याचे पहारेकरी जागे असतील तर त्यांनाही हे बघवत नसणार. आणि त्यात ते खेळणं. प्लॅस्टिकच्या तीन नळ्या, तिन्हीत एकेक चेंडू, नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, की चेंडू वर चढतात. "जोर लावा काका," सिस्टर म्हणायची, "मधला चेंडू वर यायला पाहिजे. छातीत कफ साठला तर ताप येईल, मग न्यूमोनिया. ऑपरेशन चांगलं झालंय, वाया घालवू नका." पहिला चेंडू कसाबसा उचलायचा. मधला जागचा हलत नव्हता. तो त्याच्याकडे बघत पडून राहायचा. निळा, बोटभर, बुडाशी बसलेला, जगात कसलीही घाई नसलेला मधला चेंडू. संध्याकाळी सिस्टरने थर्मामीटर लावला, ताप होता. तिने नुसतं मोठ्या डॉक्टरांना कळवते म्हटलं, आणि बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर बदलायला दोघींनी त्याला कुशीवर वळवलं. दोरी अशी पेटली की डोळ्यांपुढे काजवे आले, आणि ते विझले तेव्हा नाकासमोर गादीची कड होती. कडेने शिवलेला निळा गोट. गोटावर दुहेरी शिलाई. शिलाईखाली त्याच्याच दुकानाची चिठ्ठी शिवलेली, अक्षरं पुसट, पण ती त्याला वाचायची गरजच नव्हती. ही मधली होती. एके वर्षी एक कारखाना बंद पडला, मालकांनी तिथला सगळा माल उचलला, आणि या निळ्या गोटाच्या गाद्या काही केल्या हलेनात. तेव्हा त्यांना त्याने मधे आणलं. तळवा ठेवून ठेवून खपवल्या. उरलेला ढीग एका इस्पितळाला गेला, कुठल्या ते त्याने विचारलंही नव्हतं. बला टळली म्हणून त्या दिवशी दुकानात पेढे वाटले होते. त्याला परत पाठीवर वळवलं. आणि पाठ टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळं दुखतंय, पोट, घसा, सुई टोचलेला हात, खांदेसुद्धा, पण पाठ दुखत नाही. काल दुपारपासून तो एका जागी उताणा होता आणि पाठ म्हणून काही असतं हेच त्याला जाणवलं नव्हतं. त्याने पडल्या पडल्या तळवा दाबला. गादी दबली, थांबली, आणि जेवढी हवी तेवढीच परत आली. इतकी वर्षं वापरून. खड्डा नाही, कुरकुर नाही. चांगली होती. तो झोपून बघत राहिला वरच्या पंख्याकडे. गादी खरोखर चांगली होती. निळ्या गोटाच्या दिवसांतल्या त्या सगळ्या जोडप्यांना, तेव्हाच कटकन गुडघा वाजलेल्या त्या म्हातारीला, तो खरं सांगत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. एवढा एक माल त्याने फसवणूक समजून विकला, म्हणून स्वतःच्या घरी नेला नाही. आणि बायकोला त्या कापसाच्या खड्ड्यात घालून ठेवलं.

दुपारी डॉक्टरीण आली. तापाचं बघितलं, पाठीमागे नळी लावून छाती ऐकली, तीन चेंडूंचं खेळणं त्याच्या तोंडाला लावून बघितलं. पहिला चेंडू हलला.

"मुद्दाम गेला होतात ना?" तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता.

"कुठे?"

"पाणी प्यायला. त्या दिवशी."

तिने बायकोकडे बघितलं, तापात बडबडतायत का म्हणून. "मला मुतखडा आहे," ती म्हणाली. "तासातासाला पाणी प्यायचं सांगितलंय. का?"

तो हसला, आणि हसल्याबरोबर पोट धरून कळवळला. बायको धावली. कुणी हसवायचं नाही असं सिस्टरने बजावलं होतं.

"आणि तुमचे वडील?" जरा वेळाने त्याने विचारलं. "खरंच त्यांना तेच दिलं होतं?"

"हो. तेच."

"मग?"

"गेले. काही वर्षांनी आजार परत आला." तिने खेळणं बाजूला ठेवलं. "पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उठून बसले होते, चहा द्या म्हणत होते."

विकणारा हे कधीच बोलला नसता. ही उस्तादी नव्हती. ती तिसरी शक्यता, जी त्याला संडासात सुचता सुचता राहिली होती, ती आता पलंगाशी उभी होती, गळ्यात छाती ऐकायची नळी घालून, डोळ्यांखाली काळं आलेली.

"आणि माझा?" तो म्हणाला. "शिरेतून घेतल्याचा काही फायदा?"

"माहीत नाही. नाही आला परत, तर कशामुळे नाही आला ते कळणार नाही. आला तरी कळणार नाही. तुमच्यापुरतं ते कुणीच सांगू शकत नाही." मग तिने हात कोटाच्या खिशात घातले. "दुखण्याचं मात्र बघायला पाहिजे, श्वास असा राहिला तर छाती भरेल. आत्ता तीन गोष्टी करता येतील. एक..."

"मधली," तो म्हणाला.

"अहो, मी अजून सांगितलंच नाही."

"मधली."

"मधली म्हणजे पोटाच्या दोन्ही बाजूंना सुया आहेत. मशीन आणून, बघून टोचाव्या लागतात. सगळंच थांबेल असंही..."

"मधली द्या हो बाई," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, जे त्याला पुसता येत नव्हतं कारण एका हातात सलाईन आणि दुसऱ्यात बटण होतं.

डॉक्टरीण मशीन आणायला गेली. बायको उशाशी पलंगाच्या कडेवर टेकली. पदराने त्याचे डोळे पुसले, जरा जोरानेच, पोराचं नाक पुसावं तसे. मग बसल्या बसल्या तिचा तळवा गादीवर गेला. तिने दाबून बघितलं. परत दाबलं. तो श्वास धरून तिच्या हाताकडे बघत होता. हे त्याने आरशात हजार वेळा बघितलं होतं, पण नेहमी दुसऱ्यांच्या बायकांच्या बाबतीत.

"ही गादी बरी आहे की हो," ती म्हणाली. "आपल्या त्या खड्ड्यापेक्षा कितीतरी. कुठली असेल?"

त्याने तोंड उघडलं. उत्तर आयतं होतं, जन्मभर ओठांवर असलेलं. उठून कुठे जायची सोय नव्हती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

तिने चादरीचं टोक उचललं, निळ्या गोटाकडे बघितलं, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. मग सावकाश त्याच्याकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "मी जरा पाणी पिऊन येते."